ब्रिस्बेन ब्रॉन्कोस: २४-८ ने पुढे असताना हरलेला संघ १२-२२ ने मागे असताना जिंकतो तेव्हा (रग्बी लीग: चढाईचा शेप, अनुभव, शिस्त)

मुळशीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ब्रिस्बेनला येऊन मला नऊ वर्षं झाली. सुरुवातीला रग्बी लीग म्हणजे नुसती धडकाधडकी वाटायची. मग शेजारच्या आजोबांनी एका संध्याकाळी टीव्हीसमोर बसवून सांगितलं, "चेंडूकडे बघू नकोस, ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांच्याकडे बघ." तेव्हापासून खेळ दिसायला लागला. एक विषय २०२३ पासून डोक्यात घोळतोय आणि ५ ऑक्टोबर २०२५ च्या NRL (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा) फायनलनंतर तो लिहायचाच होता.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. एका बाजूला १३ जण, ८० मिनिटं. चेंडू असलेल्या संघाला सहा पकडी मिळतात. पकडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, बचाववाले १० मीटर मागे हटतात, पुन्हा चढाई. सहावी पकड झाली की चेंडू समोरच्याचा, म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुतेक वेळा किक मारून टाकतात. ट्रायचे (समोरच्याच्या गोल रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) ४ गुण, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टी गोलचे २, चालू खेळात खांबांमधून किक मारली की फील्ड गोल, त्याचा १. कबड्डी पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

आता २०२३ ची फायनल. १ ऑक्टोबर, सिडनी. समोर पेनरिथ पँथर्स, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते. अर्धवेळेला पेनरिथ ८-६ ने पुढे. उत्तरार्ध सुरू झाला आणि आमच्या एझ्रा मॅमने दहा मिनिटांच्या आत तीन ट्राय केले. वय वर्षं २०! २४-८. पेनरिथचा जरोम लुआई खांदा दुखावून बाहेर गेला. आमच्या गल्लीत लोक अंगणात येऊन ओरडत होते. आणि मग पेनरिथचा नेथन क्लिअरी जागा झाला. त्याने फट काढून मोझेस लिओटाला ट्राय दिला, मग एक ४०-२० ची किक, मग स्टीफन क्रायटनचा ट्राय, आणि शेवटची चार मिनिटंही उरली नसताना स्वतः गोल खांबांच्या दिशेने घुसला. २६-२४. गल्ली चिडीचूप. आजोबांनी टीव्ही बंद केला नाही, पेनरिथवाल्यांनी करंडक उचलेपर्यंत बसून राहिले.

२०२४ मध्ये आम्ही बाराव्या क्रमांकावर घसरलो. केव्हिन वॉल्टर्सचं प्रशिक्षकपद गेलं, मायकेल मॅग्वायर आले. आणि २०२५ ची बाद फेरी बघा. कॅनबेराविरुद्ध १२-२८ ने मागे, जादा वेळेत २९-२८ ने जिंकलो. पेनरिथविरुद्ध ०-१४ ने मागे, १६-१४ ने जिंकलो. फायनलला मेलबर्नविरुद्ध अर्धवेळेला १२-२२, आणि उत्तरार्धात मेलबर्नला एकही गुण मिळू न देता २६-२२. २००६ नंतरचं पहिलं विजेतेपद.

आता माझा मुद्दा. चढाईचा गाभा दोन्ही वर्षी जवळजवळ तोच होता. रीस वॉल्श, मॅम, ॲडम रेनॉल्ड्स, कोटोनी स्टॅग्ज, पेन हास, पॅट कॅरिगन. शेपही फारसा बदलला नाही. बदललं काय, तर तो शेप कधी खेळायचा आणि कधी खिशात ठेवायचा हे कळणं.

शेप म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण इथेच सगळं आहे. हाफबॅकच्या (चढाई चालवणारा, आमच्याकडे रेनॉल्ड्स) हातात चेंडू येतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला दुसऱ्या फळीतला दांडगा गडी पूर्ण ताकदीने धावत सुटतो, बरोबर दोन बचावपटूंच्या मधल्या फटीवर. त्याच्या पाठीमागून, थोडा खोल, फुलबॅक (एरवी सगळ्यात मागे असणारा, आमच्याकडे वॉल्श) वळसा घेत येतो. त्याच्याही बाहेर सेंटर आणि अगदी कडेला विंगर. हाफबॅकपुढे दोन वाटा. धावत येणाऱ्याला आखूड पास, नाहीतर त्याच्या पाठीमागून फुलबॅकला लांब पास. समोरच्या बचावपटूकडे अर्धा सेकंद असतो. तो दांडग्यावर थांबला तर बाहेर तिघांविरुद्ध दोघं उरतात. तो बाहेर सरकला तर दांडगा फटीतून आत. हूल देणारा खरोखर चेंडू मिळणार असं समजून धावला तरच हे चालतं. त्याने एक पाऊल जरी आखडलं तरी बचावपटूला कळतं.

पेनरिथविरुद्धच्या त्या १६-१४ च्या सामन्याला मी सनकॉर्प स्टेडियममध्ये गोल खांबांच्या मागे बसलो होतो. टीव्हीवर न दिसणारी एक गोष्ट तिथून दिसली. प्रत्येक पकडीनंतर वॉल्श डाव्या अंगाकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत-पळत जागा बदलत होता आणि निम्म्या वेळा त्याच्याकडे चेंडू येतच नव्हता. तो नुसता दिसत होता. पेनरिथचा एक बचावपटू दर वेळी मान वळवून त्याला शोधत होता. त्या मान वळवण्यातच मधल्या गड्यांना दोन-दोन मीटर जास्त मिळत होते.

२०२३ ला हाच वॉल्श जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू मागायचा. २४-८ नंतरही आम्ही पुढचा ट्राय शोधत राहिलो. मला तरी तसंच दिसलं. तेव्हा गरज होती सामना कंटाळवाणा करण्याची.

तुमचं मत लिहा. विरोधी मत असेल तर जरूर.

---

अपरान्त

मस्त धागा, मुळशीकर. मी रत्नागिरीत बसून हा खेळ मोबाईलवर तुकड्यातुकड्यांत बघितलाय, त्यामुळे साधा प्रश्न विचारतो. १६ गुणांची आघाडी असताना संघ वेळ कसा काढतो? चेंडू तर सहा पकडींनंतर द्यावाच लागतो. मग "कंटाळवाणा करणं" म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ४०-२० म्हणजे?

---

मुळशीकर

@अपरान्त, चांगला प्रश्न. ४०-२० आधी. स्वतःच्या ४० मीटर रेषेच्या मागून किक मारायची, चेंडू आत टप्पा खाऊन समोरच्याच्या २० मीटरच्या आतल्या भागात बाजूच्या रेषेबाहेर गेला पाहिजे. तसं झालं की चेंडू पुन्हा तुमचाच, सहा नव्या पकडींसह. म्हणजे एका लाथेत ४० मीटर आणि वर चेंडूही. फार अवघड किक आहे. फायनलमध्ये मागे असताना, पाय जड झालेले असताना ती मारणं म्हणजे क्लिअरीचं काळीज बघा.

वेळ काढायचा तो असा. हास, कॅरिगन यांच्यासारख्या मधल्या गड्यांनी पाच वेळा सरळ धडक द्यायची. लांब पास नाही, पकडीत असताना हात सोडवून साथीदाराला चेंडू देणं नाही. पाचवीनंतर खोल किक, शक्यतो कोपऱ्यात. मग सगळी फळी एका ओळीत पळत जाऊन समोरच्याला त्याच्याच २० मीटरमध्ये अडकवायचं. त्याने तिथून पाच धडका मारून मध्यापर्यंत यायचं आणि चेंडू परत तुम्हाला द्यायचा. असे चार-पाच फेरे झाले की दहा मिनिटं सरतात. बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण जिंकायची वाट तीच. २०-२१ वर्षांच्या पोरांना, ज्यांनी नुकतेच लागोपाठ तीन ट्राय बघितलेत, त्यांना हे पटवणं सोपं नाही.

---

सई_ब्लॅकटाउन

मुळशीकर, मी पेनरिथवाली. ब्लॅकटाउनला राहते, पेनरिथ इथून ट्रेनने जवळ. त्यामुळे २०२३ ची फायनल मी तुमच्या उलट्या बाजूने बघितली. आमच्याकडे २४-८ झाल्यावर नवरा उठून भांडी घासायला गेला होता, शेवटचा ट्राय त्याने हातात काथ्या घेऊन दारातून बघितला!

तुमचं विश्लेषण आवडलं, पण अनुभव म्हणजे वय असं जे सुचवताय ते मला पटत नाही. २०२३ ला क्लिअरी २५ चा होता, आणि तुमचा रेनॉल्ड्स ३३ चा. वयाने सामने जिंकता येत असते तर तुम्हीच जिंकला असतात.

अनुभव कुठून येतो ते मी सांगते. २०२० ची फायनल आठवा. पेनरिथ लागोपाठ १७ सामने जिंकून आलेलं, सगळी पोरं तरुण, सगळ्यांना वाटत होतं आता कोण अडवणार. समोर मेलबर्न. पहिल्याच काही मिनिटांत मेलबर्नचा जस्टिन ओलाम चेंडू टेकवत असताना आमच्या गड्याचा पाय चेंडूला लागला आणि पंचांनी पेनल्टी ट्राय दिला. पुढे क्लिअरीचा पास सुलियासी वुनिवालूने मधल्यामधे झेलला आणि मैदानभर पळत गेला. अर्धवेळेला ०-२२. उत्तरार्धात आम्ही जीव तोडून खेळलो पण २०-२६ ने हरलो.

तो एक सामना आमच्या २०२१ ते २०२४ च्या चारही विजेतेपदांच्या मुळाशी आहे असं माझं ठाम मत आहे. २०२१ पासून पेनरिथचा शेप बघा. त्यात लांब उडता पास कमी झाला. आयझाया यो हा लॉक (मधल्या गड्यांपैकी एक) मधे उभा राहून चेंडू वाटायला लागला. क्लिअरीला चेंडू थेट मिळण्याऐवजी योच्या हातून मिळतो, त्यामुळे समोरच्याला आधी योला धरायला पुढे यावं लागतं, आणि क्लिअरीला वरचा अर्धा सेकंद मिळतो. शिवाय मागून ब्रायन टोओसारखे विंगर पहिल्या दोन धडका स्वतः घेतात, म्हणजे मोठे गडी दमत नाहीत. यात चमकदार काही नाही. पण चुकायला जागाच कमी ठेवलेली.

थोडक्यात, हरलेली फायनल पचवली तर अनुभव. नाहीतर नुसतं वय.

---

मुळशीकर

सईताई, मान्य. वय हा शब्द मी वापरायला नको होता. आणि तुमच्या मुद्द्याला आमच्याकडचीच दोन उदाहरणं जोडतो, ती लिहायची राहिली होती.

रेनॉल्ड्स. २०१४ ला साउथ सिडनीकडून जिंकला, तेव्हा प्रशिक्षक हेच मॅग्वायर. ४३ वर्षांनी साउथला विजेतेपद मिळालं होतं. पुढे २०२१ ची फायनल, साउथ विरुद्ध तुमचं पेनरिथ. क्रायटनने कोडी वॉकरचा पास मधेच झेलून ट्राय केला, १४-८. शेवटी शेवटी ॲलेक्स जॉन्स्टनने कोपऱ्यात ट्राय केला, १४-१२. बरोबरीसाठीची किक रेनॉल्ड्सची, अगदी बाजूच्या रेषेजवळून. चुकली. साउथसाठी त्याचा तो शेवटचा सामना. ब्रिस्बेनला आला तो ती किक घेऊनच, आणि मग २०२३ झालं.

दुसरा बेन हंट. २०१५ ची फायनल, ब्रिस्बेन विरुद्ध नॉर्थ क्वीन्सलँड. शेवटच्या क्षणी बरोबरी, जादा वेळ सुरू, पहिलीच किक हंटच्या हातातून निसटली. थोड्याच वेळात जोनाथन थर्स्टनचा फील्ड गोल, १७-१६. हंट पुढे दुसरीकडे खेळायला गेला, पण दहा वर्षं लोकांनी त्याला ते विसरू दिलं नाही. २०२५ ला तो परत ब्रिस्बेनला आला. कॅनबेराविरुद्ध जादा वेळेत सामना संपवणारा फील्ड गोल हंटचा होता. पुन्हा जादा वेळ, पुन्हा तोच माणूस! आजोबा त्या क्षणी खुर्चीतून उठले ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

ही दोन माणसं एकाच ड्रेसिंग रूममध्ये असताना १२-२२ हा आकडा कुणाला भीती घालू शकत नाही.

---

उजवा_कोपरा

राम राम. सांगली भागात पंधरा वर्षं कबड्डी खेळलो, कोपऱ्यात. रग्बी लीग फारसं बघितलं नाही, पण मुळशीकरांनी लिहिलेलं वाचून रात्री दोन सामने शोधून बघितले. कबड्डीवाल्याला हा खेळ परका वाटतच नाही हो. पकड, फळी, साखळी, सगळं तेच. आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची "करो या मरो" चढाई असते ना, तशी ती पाचवी पकड. दोन्हीकडं आक्रमणवाला आता काहीतरी करणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असतं, आणि तरीही त्याला करावंच लागतं.

शिस्तीबद्दल एक सांगतो. आमच्याकडं सगळ्यात महाग पडतो तो वेळेआधी गेलेला कोपरा. चढाईवाला अजून मधे आहे, साथीदार तयार नाहीत, आणि कोपऱ्यातला घोटा धरायला झेपावतो. पकड सुटते, तो बाद, त्याच्या मागची साखळी तुटते, आणखी एक-दोघं बाद. त्याला वाटतं आपण धाडस केलं. मी स्वतः असा एक जिल्ह्याचा सामना घालवलाय. आमच्या वस्तादांनी मला घरी जाताना एवढंच विचारलं, "तुला कुणी बोलावलं होतं का?" आजही झोपेत ऐकू येतं ते.

मुळशीकरांनी म्हटलेला तो बचावपटू, जो वॉल्शला शोधत मान वळवत होता, तो माझ्या लेखी तोच कोपरा. प्रश्न असा: रग्बीत बचावातली एक चूक किती महाग पडते? म्हणजे पेनल्टी झाली तर नक्की काय जातं?

---

शिट्टीवाला

@उजवा_कोपरा, याचं उत्तर मी देतो. मी गोल्ड कोस्टला राहतो आणि शनिवारी सकाळी १० ते १३ वर्षांच्या पोरांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा असतो.

पेनल्टी झाली की समोरचा चेंडू लाथेने बाजूच्या रेषेबाहेर मारतो आणि जिथून तो बाहेर गेला तिथून पुन्हा सुरू करतो, सहा नव्या पकडींसह. म्हणजे तीस-चाळीस मीटर फुकट आणि वर नवा डाव. शिवाय २०२० पासून एक नियम आला. पकडीच्या ठिकाणी तुम्ही खाली पडलेल्यावर लोळत राहिलात, चेंडूवर हात ठेवलात, तर पंच खेळ थांबवत नाही, नुसता हात हलवून सहाच्या सहा पकडी पुन्हा मोजायला लावतो. ही शिक्षा टीव्हीवर लहान दिसते पण फुप्फुसांना विचारा. चार पकडी करून दमलेल्या फळीला पुन्हा सहा करायच्या. श्वास घ्यायलाही थांबा मिळत नाही. बरेच ट्राय अशा दुसऱ्या फेरीच्या चौथ्या-पाचव्या पकडीला होतात, आणि लोक म्हणतात, काय सुंदर चढाई!

गंभीर चूक असेल तर गडी दहा मिनिटं बाहेर. मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मॅजिक राउंड (एका फेरीचे सगळे सामने एकाच मैदानावर) झाला, तेव्हा डोक्याला लागणाऱ्या पकडींवर एकदम कडक धोरण सुरू झालं आणि एका शनिवार-रविवारात गडी धडाधड बाहेर गेले. तेव्हा आरडाओरडा झाला, पण डोक्याची इजा ही चेष्टा नाही. माझ्या मते ते धोरण बरोबरच होतं.

आता शेपशी जोडलेली शिस्त, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हूल देणारा गडी. त्याने फळीतून आरपार जायचं असतं, फळीत थांबायचं नाही. तो थांबला आणि त्याच्यामुळे बचावपटू अडला की अडथळ्याची पेनल्टी, झालेला ट्राय रद्द. तसंच चेंडू घेणाऱ्याने हूल देणाऱ्याच्या आतल्या बाजूला चेंडू घेऊन मग त्याच्या पाठीमागून बाहेर पळायचं नाही. माझ्या बारा वर्षांच्या पोरांकडून दर शनिवारी हे दोन-तीनदा होतं. एका मुलाने मागच्या मोसमात अंतिम सामन्यात ट्राय केला, आई-बाप नाचायला लागले, आणि मला शिट्टी वाजवून सांगावं लागलं की नाही. मुलगा रडला. पण पुढच्या शनिवारी सरावाला आला आणि पंधरा मिनिटं फक्त वळसा कुठून घ्यायचा तेवढंच करत होता. प्रशिक्षकाने जमिनीवर पाण्याची बाटली ठेवली होती, तिच्या बाहेर आल्याशिवाय हात पुढे करायचे नाहीत. ती शिस्त म्हणजेच आक्रमण. दोन वेगळी खाती नाहीत.

---

जिमखाना१५

मी मुंबईत बरीच वर्षं युनियन खेळलो, म्हणजे १५ जणांची रग्बी. लीगवाल्यांबद्दल आदर आहे, पण या धाग्यात शेपला जरा जास्तच महत्त्व दिलं जातंय असं वाटतं. वॉल्श बघा. २०२५ च्या फायनलचा क्लाइव्ह चर्चिल पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच मिळाला. तो जे करतो ते कुठल्या फळ्यावर काढलेलं असतं का? अशा माणसाला आराखड्यात बांधलं तर तो संपतो. मॅग्वायर कडक म्हणून ओळखले जातात, पण त्यांनी वॉल्शला मोकळं सोडलं हेच त्यांचं मोठेपण. शिस्त शिस्त करत खेळाडूची धार घालवणारे प्रशिक्षक मी जवळून बघितलेत.

---

मुळशीकर

@जिमखाना१५, अर्धं पटतं. वॉल्शला बांधून ठेवणं हा मूर्खपणाच ठरला असता. पण तो मोकळा कधी असतो ते बघा. समोरचा बचावपटू आधीच दोन मनात असतो तेव्हा. त्याला दोन मनात टाकलं कुणी, तर फटीवर पूर्ण वेगाने धावून, चेंडू न मिळता, दोघांची धडक अंगावर घेऊन खाली पडलेल्या त्या दुसऱ्या फळीतल्या गड्याने. त्याचं नाव आकडेवारीत येत नाही. सामन्यात पंधरा-वीस वेळा एखादा माणूस हे करतो. शेप म्हणजे त्याने केलेलं काम.

आणि वॉल्शच्या बाबतीत शिस्त हा आडवळणाचा विषय नाही. २०२३ च्या मोसमात मैदानावरच्या शिवीगाळीच्या प्रकरणात त्याला तीन सामन्यांची बंदी भोगावी लागली होती. तेव्हा तो जेमतेम २१ चा. त्याच मुलाने २०२५ च्या फायनलला, शेवटच्या मिनिटांत, मेलबर्नच्या रायन पापेनहायझनला ट्रायच्या तोंडावर पकडलं. सगळे त्याचे पास दाखवतात. मी ती पकड शंभरदा बघितली. तो आधी उडी घेत नाही. पळणाऱ्याच्या आतल्या बाजूला राहतो, त्याला बाहेरची वाट देतो, पावलं लहान करतो, आणि मग जातो. उजवा_कोपरा यांचे वस्ताद असते तर काही बोलले नसते.

२०२३ चा क्लिअरीचा शेवटचा ट्राय शेजारी ठेवून बघा. तिथे आमची माणसं एकेकटी त्याच्यावर गेली आणि तो पावलं बदलत मधून निघून गेला.

---

सई_ब्लॅकटाउन

हे शेवटचं अगदी खरं. पेनरिथवाली असूनही सांगते, त्या ट्रायला क्लिअरीचं कौतुक आहेच, पण तुमची फळी सपाट राहिली नव्हती. एक पुढे, दोन मागे. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला पाय ऐकत नाहीत तेव्हा शिस्त म्हणजे फक्त शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा ठेवून पुढे येणं. बाकी सगळं विसरलं तरी चालतं.

आणि २०२५ ला त्याच दिवशी त्याच मैदानावर ब्रिस्बेनच्या महिला संघाने सिडनी रुस्टर्सला हरवून विजेतेपद घेतलं, ते कुणीच लिहिलं नाही इथे. ॲली ब्रिगिन्शॉ बघा कधीतरी. हाफबॅकने खेळाचा वेग कसा खाली-वर करायचा हे शिकायचं असेल तर तिच्या किका बघाव्यात. ती घाई करतच नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात हूकर खेळते. तिला मी क्लिअरीपेक्षा ब्रिगिन्शॉचे सामने जास्त दाखवते.

---

मुळशीकर

सईताई, चूक माझीच, मूळ लेखात यायला हवं होतं. मुलीला शुभेच्छा. हूकर म्हणजे प्रत्येक पकडीनंतर पहिला हात तिचाच, सगळ्यात जास्त निर्णय तिलाच घ्यायचे.

---

उजवा_कोपरा

मुळशीकर, शिट्टीवाला दादा, दोघांचे आभार. आता मला सामना नीट बघायचाय. पूर्ण ८० मिनिटं बसणार आहे, आमच्या तालमीतली चार पोरं पण येणार. त्यांना पहिल्यांदा काय बघायला सांगू? सगळं एकदम सांगितलं तर पळून जातील.

---

मुळशीकर

२०२५ ची फायनल उत्तरार्धापासून लावा. गुणफलक झाकून ठेवलात तरी चालेल. एका पोराला सांगा, फक्त वॉल्शला बघ, चेंडू कुठेही असो. दुसऱ्याला सांगा, पकड झाल्यावर चेंडू मागे सरकवायला किती वेळ लागला ते मनात मोज, एक-दोन-तीन. झटपट झालं की पुढची धडक जास्त लांब जाते, ते त्याला स्वतःलाच कळेल. तिसऱ्याने हूल देणारा कोण ते ओळखायचं, चेंडू निघून गेल्यावर तो काय करतो, जमिनीवर किती वेळ राहतो. चौथ्याने मेलबर्नची फळी बघायची, कोण आधी पुढे येतो.

चौथं काम तुमच्या कोपऱ्यातल्या पोराला द्या.

---

उजवा_कोपरा

दिलं. रविवारी रात्री जेवणं उरकून बसतो. बघून झालं की इथं लिहितो, कुणाला काय दिसलं ते.